स्टॉक श्रेणीतील ड्रॅग शर्यत

स्टॉक श्रेणीतील ड्रॅग शर्यत हा मोटार शर्यतीचा एक प्रकार आहे. कारखान्यातून बाहेर पडलेल्या मूळ रूपातील, अथवा नियमांनी मान्य केलेल्या मोजक्या फेरफारांसह असलेल्या गाड्या यात सरळ धावपट्टीवर दोन-दोनच्या जोडीने धावतात. शर्यतीचे अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. गाड्या उभ्या स्थितीतून सुटतात आणि अंतिम रेषा आधी ओलांडणारी गाडी पुढच्या फेरीत जाते. या प्रकाराचा उगम आणि मुख्य प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. १९६० च्या दशकातील ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन गाड्यांशी त्याचे नाते विशेष घट्ट आहे. महाराष्ट्रात ड्रॅग शर्यती होतात; परंतु येथील श्रेणीरचना आणि गाड्या वेगळ्या आहेत.

संकल्पना

‘स्टॉक’ या शब्दाचा येथे शेअर बाजाराशी संबंध नाही. विक्रेत्याच्या दुकानात ग्राहकाला जशी गाडी मिळते तशीच, बदल न केलेली, असा त्याचा अर्थ होतो. भारतातील गॅरेजमध्येही ‘गाडी स्टॉक आहे’ हा शब्दप्रयोग याच अर्थाने रूढ आहे. वळणे असलेल्या मार्गावरील शर्यतीत चालकाचे कौशल्य आणि गाडीची स्थिरता अनेक फेऱ्यांतून कसाला लागते. ड्रॅग शर्यत मात्र दहा-पंधरा सेकंदांत संपते. त्यामुळे इंजिनाची शक्ती, गाडीचे वजन, मागच्या चाकांची पकड आणि सुटण्याचा क्षण या चार गोष्टींवर जवळजवळ सर्व काही अवलंबून असते.

वेगवेगळ्या शक्तीच्या गाड्या एकमेकींसमोर उभ्या करायच्या तर श्रेणी पाडाव्या लागतात. मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींत बैलांच्या दातांवरून आदत, दुसा, चौसा असे गट पाडले जातात आणि कोवळ्या बैलाला पूर्ण वाढलेल्या बैलासमोर उभे केले जात नाही. विदर्भातील शंकरपट तर सरळ मार्गावर, थोड्या अंतरासाठी आणि सेकंदांच्या हिशेबाने होतो. रचनेच्या दृष्टीने ड्रॅग शर्यतीला इतका जवळचा देशी खेळ दुसरा सापडणे अवघड आहे. फरक इतकाच की बैलाचे दात उघड मोजता येतात, इंजिनाची शक्ती तशी मोजता येत नाही. स्टॉक श्रेणीच्या इतिहासातील बहुतेक वाद या एका अडचणीतून निघाले आहेत.

श्रेणी कशी ठरते

अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींचे नियमन प्रामुख्याने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) ही संस्था करते. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ती स्थापन केली. तिच्या स्टॉक श्रेणीत गाडीचे अधिकृत वजन तिच्या अश्वशक्तीने भागले जाते. प्रत्येक अश्वशक्तीमागे किती पौंड वजन ओढावे लागते हे त्यावरून कळते, आणि त्या आकड्यानुसार गाडीला इंग्रजी वर्णमालेतील अक्षराची श्रेणी मिळते. आकडा जितका लहान तितकी श्रेणी वरची. स्वयंचलित गिअर असलेल्या गाड्यांच्या श्रेणी वेगळ्या धरल्या जातात.

या पद्धतीमुळे अगदी भिन्न प्रकृतीच्या गाड्या एका श्रेणीत येऊ शकतात. १९६६ चा ए/स्टॉक श्रेणीतील संघर्ष हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. एका बाजूला बिल जेन्किन्स यांची छोटी, हलकी शेव्हरले शेव्ही टू होती. तिचे इंजिन ३२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ५.४ लिटरचे, आणि जाहीर शक्ती ३५० अश्वशक्ती होती. दुसऱ्या बाजूला जेरी स्टाल यांची प्लिमथ होती. तिच्यात ४२६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७ लिटरचे, ‘हेमी’ इंजिन होते आणि त्याची जाहीर शक्ती ४२५ अश्वशक्ती होती. इंजिनांच्या आकारात दीड लिटरहून अधिक तफावत असूनही वजन आणि शक्ती यांचे गुणोत्तर जवळपास सारखे असल्याने दोन्ही गाड्या एकाच श्रेणीत लढल्या.

जाहीर शक्ती आणि खरी शक्ती

वरील भागाकारातील वजन काट्यावर तपासता येते. अश्वशक्तीचा आकडा मात्र सुरुवातीला निर्मात्याने जाहीर केलेलाच धरला जाई. निर्मात्यांनी याचा लाभ घेतला नसता तरच नवल. फोर्डने १९६८ मध्ये ‘४२८ कोब्रा जेट’ इंजिन आणले तेव्हा त्याची शक्ती ३३५ अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ती बरीच अधिक होती. उदाहरणादाखल, गाडीचे वजन ३,४०० पौंड धरल्यास ३३५ अश्वशक्तीच्या हिशेबाने प्रत्येक अश्वशक्तीमागे १०.१ पौंड येतात. तीच शक्ती ४०० धरली तर आकडा ८.५ वर उतरतो. कागदावर शक्ती कमी दाखवली की गाडी खालच्या श्रेणीत जाते आणि तिथल्या खरोखर दुबळ्या गाड्यांना सहज मागे टाकते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील पोमोना येथील विंटरनॅशनल्स स्पर्धेत अल जोनिएक यांनी कोब्रा जेट मस्टँगवर सुपर स्टॉक गटाचे विजेतेपद मिळवले, आणि ही गाडी एका रात्रीत प्रसिद्ध झाली. शक्ती कमी जाहीर करण्यामागे विमा कंपन्यांना बिचकवू नये, हाही एक हेतू असे.

यावर उपाय म्हणून संस्थेने जाहीर आकड्यावर विसंबणे सोडले आणि स्वतःची सुधारित अश्वशक्ती ठरवण्यास प्रारंभ केला. आज हे काम बहुतांशी आपोआप चालते. प्रत्येक श्रेणीसाठी एक प्रमाणवेळ निश्चित केलेली असते. एखाद्या प्रतिकृतीच्या गाड्या त्या वेळेपेक्षा फारच लवकर अंतर कापू लागल्या की त्या इंजिनाच्या नावे काही अश्वशक्ती वाढवली जाते. त्या प्रकारची सर्व इंजिने, मालक कोणीही असो, या वाढीच्या कक्षेत येतात. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती उद्भवली आहे: अतिवेगवान वेळ नोंदवणारा चालक आपल्याबरोबर त्याच प्रकारची गाडी बाळगणाऱ्या इतरांचेही नुकसान करतो. अनेक चालक म्हणूनच अंतिम रेषेच्या थोडे आधी पाय सैल करून आपली खरी क्षमता लपवतात. आधी निर्माते शक्ती लपवत असत, नंतर चालक लपवू लागले. नियमाने लपवाछपवी संपली नाही, फक्त तिची जागा बदलली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कोणते बदल चालतात

स्टॉक श्रेणीतील गाडी तंतोतंत कारखान्यासारखी असते हा समज बरोबर नाही. इंजिनाचा ब्लॉक, सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर त्या प्रतिकृतीला मूळ दिलेल्या प्रकारचेच असावे लागतात. कॅमशाफ्ट बदलता येतो, पण झडप उघडण्याची उंची मूळ मापाइतकीच ठेवावी लागते. ती किती वेळ उघडी राहावी यावर तसे बंधन नाही. सायलेन्सर काढून मोकळे एक्झॉस्ट पाइप लावता येतात. मागे ९ इंच रुंदीपर्यंतचे नक्षीविरहित शर्यतीचे टायर चालतात. सुपर स्टॉक ही याहून सैल नियमांची श्रेणी असून तिच्यात अधिक रुंद टायर आणि मोठे फेरफार मान्य आहेत. विजेत्या गाडीचे इंजिन उघडून तपासले जाते आणि माप चुकल्यास निकाल रद्द होतो.

गाडी सुटताना वजन मागे सरकते आणि मागच्या चाकांवरचा भार वाढतो. जुन्या अमेरिकन गाड्यांचे इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना असल्याने ही वजनाची सरक फार मोलाची ठरते. उत्तम जुळवलेल्या स्टॉक गाडीची पुढची दोन्ही चाके सुटण्याच्या क्षणी जमिनीवरून उचलली जातात. साध्या दिसणाऱ्या कौटुंबिक गाडीने असे पुढचे पाय उचलावेत, हे दृश्य प्रेक्षकांना या श्रेणीकडे ओढणारे प्रमुख आकर्षण आहे.

शर्यतीची रीत

सुरुवातीच्या रेषेवर दोन प्रकाशकिरण असतात. पुढची चाके ते अडवतात तेव्हा गाडी योग्य जागी आली असे मानले जाते. मध्यभागी दिव्यांचा खांब असतो. १९६३ मध्ये वापरात आलेल्या या खांबाला रंगीत दिव्यांमुळे ‘ख्रिसमस ट्री’ हे नाव पडले. त्याआधी निशाण फडकावून शर्यत सोडली जात असे. स्टॉक श्रेणीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात आणि नंतर हिरवा लागतो. त्याआधी गाडी हलली तर तांबडा दिवा लागून चालक बाद होतो.

नोंदलेली वेळ गाडी किरण सोडते तेव्हापासून मोजली जाते, हिरवा दिवा लागल्यापासून नव्हे. त्यामुळे अधिक वेळ घेणारी गाडीही जिंकू शकते. पहिला चालक हिरव्या दिव्यानंतर ०.०५० सेकंदाने सुटला आणि त्याने ११.९०० सेकंदांत अंतर कापले, तर दिव्यापासूनचा एकूण काळ ११.९५० सेकंद होतो. दुसऱ्याने ११.८५० सेकंदच घेतले, परंतु तो ०.१२० सेकंदाने सुटला, तर त्याचा एकूण काळ ११.९७० सेकंद भरतो. दुसऱ्याची गाडी अधिक वेगवान असूनही तो हरतो.

वेगवेगळ्या श्रेणीतील गाड्या समोरासमोर आल्या की प्रत्येक चालक आपली गाडी किती वेळ घेईल हे आधी सांगतो आणि तो आकडा काचेवर लिहितो. एकाने ११.८० आणि दुसऱ्याने १०.६० सांगितले असेल, तर पहिल्याला १.२० सेकंद आधी सोडले जाते. मात्र सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा चालक बाद ठरतो. म्हणजे येथे नुसते वेगवान असून चालत नाही. आपल्या गाडीला नेमके ओळखावे लागते. हवेचे तापमान, आर्द्रता आणि दाब बदलला की इंजिनाची शक्ती बदलते, म्हणून अनुभवी चालक दिवसभर हवामानाच्या नोंदी ठेवतात. एकाच श्रेणीतील दोन गाड्यांची गाठ पडली तर ही सवलत नसते. दोघी एकदम सुटतात आणि जो पुढे तो जिंकतो. जाणकार प्रेक्षक याच फेऱ्यांची वाट पाहतात.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या तळांवर आणि मोकळ्या पडलेल्या धावपट्ट्यांवर तरुण मंडळी जुन्या गाड्या पळवत असत. यूटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाचे विस्तीर्ण पठारही वेगाच्या चाचण्यांसाठी वापरले जाई. मीठ आणि वेग यांची ही सांगड भाईंदर पश्चिमेच्या रहिवाशाला चमत्कारिक वाटेल. तेथील मिठागरे बांध घालून पाडलेल्या लहान चौकोनी वाफ्यांची आहेत आणि त्यांत भरतीचे पाणी खेळवले जाते. बॉनव्हिलशी त्यांचे साम्य मिठापुरतेच आहे. रस्त्यांवरील बेकायदा शर्यतींना पर्याय देणे हा एनएचआरएच्या स्थापनेमागील एक उद्देश होता. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली.

१९६० च्या दशकाच्या आरंभी मोटार कंपन्यांच्या लक्षात आले की रविवारी जिंकलेली गाडी आठवडाभर विकली जाते. शेव्हरलेचे ४०९, पाँटिअ‍ॅकचे ‘सुपर ड्यूटी’ ४२१ आणि क्रायस्लरचे ‘मॅक्स वेज’ ४१३ ही मोठी इंजिने याच काळातील होत. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने शर्यतींना उघड साहाय्य देणे थांबवले. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवू नये असाही त्या कंपनीचा अंतर्गत नियम होता. पाँटिअ‍ॅक विभागाने १९६४ मध्ये ‘जीटीओ’ ही स्वतंत्र गाडी नसून टेम्पेस्ट लेमान्स गाडीवरील ऐच्छिक साज आहे असे दाखवून त्यात ३८९ घनइंचांचे इंजिन घातले. मसल कारचे युग येथून सुरू झाले असे सामान्यतः मानले जाते. त्याच वर्षी फोर्डने शर्यतीसाठी ‘थंडरबोल्ट’ नावाच्या १०० हलक्या फेअरलेन गाड्या तयार केल्या. १९६८ मध्ये क्रायस्लरने हर्स्ट कंपनीकडून डॉज डार्ट आणि प्लिमथ बॅराकुडा गाड्यांत हेमी इंजिने बसवून घेतली. वजन वाचवण्यासाठी या गाड्यांच्या दारांतील काच खाली-वर करण्याचे यंत्रही काढून टाकले होते व त्याजागी पट्टा दिला होता.

या काळात स्त्री चालकांनीही लक्षणीय यश मिळवले. शर्ली शाहान यांनी १९६६ च्या विंटरनॅशनल्समध्ये हेमी प्लिमथवर टॉप स्टॉक गट जिंकला. एनएचआरएच्या प्रमुख स्पर्धेत विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १९७० मध्ये प्रो स्टॉक ही व्यावसायिक श्रेणी निर्माण झाल्यावर नामांकित चालक आणि कंपन्यांचा पैसा तिकडे वळला. स्टॉक आणि सुपर स्टॉक श्रेणी हौशी चालकांकडे राहिल्या, व बहुधा म्हणूनच टिकल्या.

विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे मसल कारचे युग संपले. २००८ नंतर फोर्ड, डॉज आणि शेव्हरले यांनी पुन्हा स्टॉक श्रेणीसाठी अनुक्रमे मस्टँग कोब्रा जेट, चॅलेंजर ड्रॅग पॅक आणि कोपो कमॅरो या खास गाड्या बनवल्या. या गाड्या रस्त्यावर चालवण्यास पात्र नसल्याने त्यांना ‘स्टॉक’ म्हणावे का, असा प्रश्न जुन्या चालकांनी उपस्थित केला आणि तो गैरलागू नाही.

याच्या उलट टोकाला ‘प्युअर स्टॉक’ शर्यती आहेत. मिशिगन राज्यातील स्टँटन येथे दरवर्षी होणारी स्पर्धा यांत प्रसिद्ध आहे. येथे जुन्या मसल कार कारखान्याच्या मापाच्या अरुंद टायरांवर धावतात, एक्झॉस्ट मूळ पद्धतीचा असावा लागतो आणि गाडी बाहेरून व आतून मूळ दिसावी लागते. जवळपास सारखी वेळ देणाऱ्या गाड्यांच्या जोड्या लावून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणाऱ्यास विजयी घोषित केले जाते. अरुंद टायर मोठ्या इंजिनाचा जोर पेलू शकत नाहीत, त्यामुळे पाय हळुवार ठेवणारा चालक येथे अधिक यशस्वी ठरतो.

महाराष्ट्रातील स्थिती

अमेरिकन गाड्यांची मुंबईला जुनी ओळख आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ला येथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बनवल्या. हेमी इंजिनाच्या प्लिमथने अमेरिकेत नाव कमावले, त्याच घराण्यातील गाड्या एके काळी कुर्ल्यातून बाहेर पडत होत्या. परंतु त्या शांत स्वभावाच्या, सहा सिलिंडरच्या गाड्या होत्या. १९५३ मध्ये केंद्र सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना मुभा न देण्याचे धोरण स्वीकारले आणि जनरल मोटर्सने पुढील वर्षी शिवडीतील काम बंद केले. अमेरिकेत मसल कार जन्मली तेव्हा भारतीय बाजार तिच्यासाठी बंद झालेला होता. आठ सिलिंडरची मस्टँग भारतात अधिकृतपणे विक्रीस आली ती २०१६ मध्ये.

महाराष्ट्रात आधुनिक ड्रॅग शर्यतींसाठी पुणे जिल्ह्यातील लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅली येथील विमानांची धावपट्टी वापरली गेली असून तेथील ‘व्हॅली रन’ ही स्पर्धा परिचित आहे. तिच्यात मोटारसायकली आणि मोटारगाड्या अशा दोहोंचा समावेश असतो. भारतात मोटार क्रीडाप्रकारांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते. येथील श्रेणी मुख्यतः इंजिनाच्या घनक्षमतेवरून आणि गाडी देशी बनावटीची आहे की परदेशी यावरून पाडल्या जातात. घनक्षमता मोजणे सोपे आणि वादातीत असते, हा या पद्धतीचा गुण आहे. वजनाचा विचार तीत पुरेसा होत नाही, हा दोष.

कायदा आणि सुरक्षितता

बारा सेकंदांत पाव मैल कापणारी गाडी अंतिम रेषेवर ताशी सुमारे १७५ किलोमीटर वेगात असते. त्या वेगात ती दर सेकंदाला ४८ मीटरहून अधिक पुढे जाते. चांगल्या ब्रेकांनीही ती थांबवण्यास दीडशे ते दोनशे मीटर लागतात. १९६० च्या दशकातील ड्रम ब्रेकांना त्याहून अधिक. अधिकृत पट्टीवर अंतिम रेषेपुढे थांबण्यासाठी लांब मोकळी जागा राखलेली असते, कडेला संरक्षक भिंत असते आणि रुग्णवाहिका सज्ज असते. एनएचआरएच्या नियमांनुसार १३.९९ सेकंद वा त्याहून कमी वेळ घेणाऱ्या गाडीच्या चालकास शिरस्त्राण सक्तीचे आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गावर वा भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या, वस्तीतून वळणे घेणाऱ्या रस्त्यावर यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नसते, आणि समोरून येणाऱ्याला आपण शर्यतीत सापडलो आहोत याची कल्पनाही नसते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे वा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुनरावृत्ती झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ५२ अन्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा कठोर अर्थ लावला. या दृष्टीने पाहता भारतीय रस्त्यावरील प्रत्येक गाडी ‘स्टॉक’ असणे कायद्यालाच अपेक्षित आहे.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटलेली आणि सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षे वैध राहते. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. डावीकडे सुकाणू असलेल्या गाडीला कलम १२० नुसार चालू स्थितीतील यांत्रिक वा विद्युत इशारा यंत्रणा असणे आवश्यक आहे. १९६८ सालची मस्टँग वयाच्या अटीत बसते. तथापि शर्यतीसाठी तिचे इंजिन वा सांगाडा मोठ्या प्रमाणात बदलल्यास ही मान्यता मिळण्यात अडचण येते.